बर्फाचा बांध आणि लूर्तिएचा सुतार

ऱ्होन नदी स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतातून पूर्व-पश्चिम वाहत येते आणि मार्तिन्यी या गावापाशी जवळजवळ काटकोनात वळून जिनिव्हाच्या सरोवराकडे निघते. त्या वळणावर दक्षिणेकडून तिला द्रांस नावाची नदी मिळते. द्रांसच्या काठाने वर चढत गेलं की सांब्रांशे गावाशी खोऱ्याच्या दोन शाखा होतात. उजव्या हाताची शाखा ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीकडे जाते. रोमन फौजा तिथून गेल्या, यात्रेकरू गेले, १८०० सालच्या मे महिन्यात नेपोलियनही आपलं सैन्य घेऊन त्याच वाटेने इटलीत उतरला. इतिहासाच्या पुस्तकांना माहीत आहे ती ही शाखा.

डाव्या शाखेचं नाव बान्यचं खोरं. या वाटेने सहसा कोणी कुठे जात नसे, कारण ती कुठे जातच नव्हती. वरच्या टोकाला ४,३१४ मीटर उंचीचा ग्रां कोंबँ आणि त्याचे बर्फाळ भाऊबंद वाट अडवून बसलेले. इटलीत उतरणारी एक खिंड आहे, पण ती गुराख्यांची, चोरट्या व्यापाऱ्यांची आणि पळून जाणाऱ्यांची. त्यामुळे खोऱ्यातली माणसं आपल्यापुरती जगत राहिली. ल शाब्ल, व्हर्सजेर, शांसेक, लूर्तिए अशी गावं खाली नदीकाठाला, उन्हाळ्यात गुरं घेऊन वरच्या कुरणांवर जायचं, तिथंच चीज करायचं, थंडी पडली की परत यायचं. उतारांवर मैलोन् मैल पाट काढून बर्फाचं पाणी शेतांना द्यायचं. सेंट मॉरिसचा मठ या खोऱ्याचा सरंजामी मालक. त्याची मालकी मध्ययुगापासून थेट १७९८ पर्यंत टिकली. आज याच खोऱ्याच्या एका उतारावर व्हर्बिए आहे, जिथे जगभरचे श्रीमंत बर्फावर घसरायला येतात आणि उन्हाळ्यात मोठा संगीत महोत्सव भरतो. दोनशे वर्षांपूर्वी तिथे गोठे आणि गवत होतं.

या खोऱ्यातल्या माणसांना एका गोष्टीचं बारकाईने भान ठेवावं लागे, आणि ती म्हणजे बर्फ. फिओने गावाच्या वर, मोव्वाझँपाशी, दरी एकदम चिंचोळी होते. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि मधून नदीची घळ. पूर्वेकडच्या कड्याच्या माथ्यावर जिएत्रो ही हिमनदी येऊन थांबते. थांबते म्हणजे तिचं तोंड कड्याच्या काठावर लोंबतं. मागून बर्फ सरकत राहतो, पुढच्या बर्फाचे कडे तुटतात आणि शेकडो मीटर खाली घळीत कोसळतात. एरवी उन्हाळ्यात हा ढिगारा वितळून जायचा. पण हवामान गार झालं, हिमनदी फुगली, की पडणारा बर्फ वितळणाऱ्या बर्फापेक्षा जास्त होई. मग ढिगारा वर्षानुवर्षं साचत जाई, दबून घट्ट होई आणि नदीच्या आडवा बांध उभा राही.

१५९५ च्या उन्हाळ्यात हे घडलं होतं. मागे तुंबलेलं पाणी एकदम फुटलं, खोरं धुऊन निघालं आणि मार्तिन्यीपर्यंत माणसं मेली. युरोपात ज्या काळाला आता ‘छोटं हिमयुग’ म्हणतात, त्या काळातली ही गोष्ट. पुढच्या सव्वादोनशे वर्षांत सात-आठ पिढ्या गेल्या. आठवण राहिली, पण आठवणीतली भीती कमी होत गेली असावी. पुराच्या खुणेखाली घरं बांधण्याची घाई माणसाला सगळ्याच देशांत असते.

मग १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्याची गंधकयुक्त वाफ वातावरणाच्या वरच्या थरात पसरली आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा उगवलाच नाही. १८१६ साली स्वित्झर्लंडमध्ये पिकं शेतात कुजली, १८१७ मध्ये भूकबळी पडले. त्याच ओल्या, अंधाऱ्या उन्हाळ्यात जिनिव्हाच्या सरोवराकाठी अडकून पडलेल्या मेरी शेलीने ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहायला घेतली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याच सरोवराला पाणी पुरवणाऱ्या एका खोऱ्यात त्याच थंडीने काय रचून ठेवलं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही. आधीच काही वर्षं गारव्याची गेली होती, हिमनद्या पुढे सरकत होत्या, त्यात ही भर. जिएत्रोखालचा ढिगारा उन्हाळ्यातही टिकून राहू लागला.

१८१८ हे साल मराठी वाचकाला वेगळ्या कारणाने पाठ असतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसऱ्या बाजीरावाने माल्कमच्या स्वाधीन होऊन पेशवाईवर पडदा टाकला. आल्प्समधला पडदा त्यानंतर दोनेक आठवड्यांनी पडायचा होता, पण त्याची सूचना एप्रिलमध्येच मिळाली होती. द्रांसला पाणी येईनासं झालं. वसंतात बर्फ वितळू लागला की नदी फुगायला हवी, ती आटलेली. खोऱ्यातली माणसं वर जाऊन बघतात तो मोव्वाझँच्या घळीत शंभर मीटरहून उंच बर्फाचा बांध, आणि त्याच्या मागे तळं. रोज वाढणारं.

वाले तीनच वर्षांपूर्वी स्विस संघात आलेलं, गरीब, डोंगरी राज्य. त्याने आपला इंजिनिअर पाठवला. त्याचं नाव इग्नात्स व्हेनेत्स, वय तीस. व्हेनेत्स वालेच्याच जर्मन भाषक भागातला. रस्ते, नद्यांचे बंधारे, दलदलींचा निचरा ही त्याची रोजची कामं. बर्फाच्या बांधावर काय करायचं याचं शिक्षण जगातल्या कुठल्याच शाळेत मिळत नव्हतं.

बांध फोडता येण्यासारखा नव्हता. सुरुंग लावावा तर सगळं पाणी एकदम सुटायचं, म्हणजे ज्याची भीती तेच हाताने घडवायचं. थांबावं तर तळं भरत जाऊन एक दिवस बांधावरून वाहणार आणि बांध फुटणार. व्हेनेत्सने तिसरा मार्ग काढला. तळ्याची पातळी पुढच्या काही आठवड्यांत कुठवर येईल याचा अंदाज बांधून, त्या उंचीला बर्फातून आरपार बोगदा खोदायचा. पाणी तिथवर चढलं की बोगद्यातून वाहू लागेल. वाहतं पाणी बोगद्याचा तळ वितळवत खाली नेईल, तळ खाली गेला की आणखी पाणी वाहील, आणि तळं आपणच आपला दरवाजा हळूहळू खाली उतरवत रिकामं होईल. कल्पना अशी होती की पाण्याला बर्फाच्या विरुद्ध कामाला लावायचं, तेही बेतानं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, बांधाच्या दोन्ही तोंडांनी एकदमच काम सुरू झालं. मजूर पाळ्यांनी खोदत होते. डोक्यावर कड्याच्या काठाशी लोंबती हिमनदी, तिच्यातून केव्हाही घराएवढा तुकडा सुटून खाली येई. पायाखाली तळं चढतं. अंगावर सतत गळणारं बर्फाचं पाणी. बोगद्याची लांबी जवळपास दोनशे मीटर. दोन्ही बाजूंनी खोदलेली टोकं नेमकी एकमेकांना भेटत नाहीत, ही बोगदेवाल्यांची जुनीच डोकेदुखी, आणि इथे तर भिंतही दर तासाला वितळून आकार बदलणारी. खाली गावांत पहारे बसवले, पाणी सुटलंच तर खबर पोचावी म्हणून इशाऱ्यांची व्यवस्था केली. बऱ्याच लोकांनी गुरं आणि चीजवस्तू वरच्या उतारांवर हलवली.

१३ जूनला बोगदा पूर्ण झाला आणि रात्री त्यातून पाणी वाहू लागलं. तळं तेव्हा तीन-साडेतीन किलोमीटर लांब होतं. पुढचे अडीच दिवस व्हेनेत्सचं गणित अक्षरशः बरहुकूम चाललं. पाण्याने तळ कापत नेला, तळ्याची पातळी दहा मीटरहून अधिक उतरली. झुरिकचा हान्स कॉन्राड एशर, ज्याने लिंथ नदीला वळवून दलदलीतली गावं वाचवली होती, तो या घटनेचा सर्वांत विश्वासार्ह वृत्तांतकार. त्याच्या हिशेबाने तळ्यातलं एकतृतीयांश पाणी बोगद्यातून निघून गेलं.

उरलेल्या दोनतृतीयांशाने घात केला. बोगद्याच्या खालच्या तोंडातून पाणी धबधब्यासारखं बर्फाच्या उतारावर पडत होतं. तो धबधबा मागे मागे कुरतडत गेला. बोगदा खाली उतरत होता हे खरं, पण त्याच वेळी तो आखूडही होत होता. शिवाय बांधाच्या पायथ्याशी, जिथे बर्फ डोंगराला टेकला होता तिथली भुसभुशीत माती पाण्याने पोखरली. १६ जूनला दुपारी साडेचारच्या सुमाराला बांध फुटला.

पुढे जे झालं ते अर्ध्या तासाचं काम. सुमारे दोन कोटी घनमीटर पाणी त्या अर्ध्या तासात घळीतून निघालं. मोव्वाझँचा दगडी पूल नदीच्या पात्रापासून खूप उंच, कड्याला कड्याशी जोडणारा. तो गेला. फिओने, लूर्तिए, शांसेक, ल शाब्ल. दरी जिथे अरुंद तिथे पाणी उंच चढे, पूल नाहीतर मोडलेल्या झाडांचा अडसर आला की क्षणभर तुंबे आणि दुप्पट जोराने सुटे. पाहणाऱ्यांनी त्याला पाणी म्हटलंच नाही. पुढे येणारी ती काळी भिंत होती झाडांची, घरांच्या वाशांची, मातीची आणि दगडांची. पाणी तिच्या मागून येत होतं. दीड तासात ती मार्तिन्यीत पोचली. संध्याकाळी उशिरा ऱ्होनच्या मुखाशी, जिनिव्हाच्या सरोवरात, बान्यच्या घरांची लाकडं तरंगू लागली.

चाळीसच्या आसपास माणसं मेली, घरं, गोठे, गिरण्या, कोठारं मिळून शेकड्यांनी इमारती गेल्या. दोन दिवस तळं उतरताना पाहून काही लोक निर्धास्त झाले होते आणि खाली परतले होते, असंही वृत्तांतात येतं. व्हेनेत्सला अपयशी ठरवणारे तेव्हाही होते. मला ते पटत नाही. सगळंच्या सगळं पाणी त्या घळीतून सुटलं असतं तर मार्तिन्यी उरलं नसतं, आणि महिनाभर आधीपासून सावध झालेलं खोरं नसतं तर मेलेल्यांचा आकडा वेगळाच असता. एशरचंही मत साधारण हेच होतं.

आता जरा मागे, १८१५ मध्ये जायला हवं. लूर्तिए हे खोऱ्यातलं वरचं गाव. तिथे झाँ-प्येर पेरोदँ नावाचा सुतार राहायचा. सुतारकी हा धंदा, शिकार हा जीव. शॅम्वा या डोंगरी रानबकऱ्यांच्या मागे तो हिमनद्यांच्या काठाकाठाने हिंडे. त्या वर्षी एके संध्याकाळी त्याच्या घरी झाँ द शार्पांतिए मुक्कामाला आला. हा मूळचा सॅक्सनीचा, ऱ्होनच्या खालच्या अंगाला बे या गावच्या मिठाच्या खाणींचा संचालक, खडकांचा जाणकार. खोऱ्याच्या वरच्या हिमनद्या पाहून परतत होता आणि दुसऱ्या दिवशी ग्रेट सेंट बर्नार्डकडे निघायचा होता. रात्री गप्पा निघाल्या त्या हिमनद्यांच्या. पेरोदँने सांगितलं की आपल्या या हिमनद्या पूर्वी खूप मोठ्या असल्या पाहिजेत. सगळं खोरं बर्फाने भरलेलं होतं, थेट मार्तिन्यीपर्यंत. पुरावा काय? मार्तिन्यीच्या आसपास पडलेल्या प्रचंड शिळा. त्या इथल्या नाहीत, वरच्या डोंगरातल्या आहेत, आणि पाण्याला त्या वाहून आणता येणार नाहीत इतक्या मोठ्या आहेत.

शार्पांतिएला ते इतकं चमत्कारिक वाटलं की त्याने त्यावर विचारसुद्धा केला नाही. हे आपल्याला ठाऊक आहे कारण त्यानेच पुढे, पंचवीस वर्षांनी, आपल्या ग्रंथात तसं मोकळेपणाने लिहिलं. विद्वानांत हा गुण दुर्मीळ. लूर्तिएच्या सुताराचं नाव जगाला कळलं ते त्याच्या या प्रांजळपणामुळे.

त्या काळी विद्वानांचं उत्तर ठरलेलं होतं. मैदानात, टेकड्यांवर जागोजाग सापडणाऱ्या या परक्या शिळा महापुराने आणल्या. काहींच्या मते नोहाच्या, काहींच्या मते त्याहून जुन्या एखाद्या प्रलयाने. हे उत्तर मूर्खपणाचं नव्हतं. पाणी दगड वाहून नेतं हे कोणीही पाहू शकतं, हिमनदी तालुक्याएवढं अंतर शिळा वाहून नेते हे कोणी पाहिलेलं नव्हतं. पेरोदँने मात्र ते रोज पाहिलं होतं. हिमनदीच्या पाठीवर बसून शिळा कशा उतरतात, कडेला आणि पुढे हिमोढाचे, म्हणजे तिने वाहून आणलेल्या दगडमातीचे, बांध कसे साचतात, बर्फ सरकून गेला की खालच्या खडकावर एका दिशेचे ओरखडे कसे उमटतात. हेच ओरखडे त्याला आजच्या बर्फापासून कितीतरी खाली, गवतात, गावाजवळच्या खडकांवर दिसले होते.

त्याने ही गोष्ट व्हेनेत्सलाही सांगितली. १८१८ चा पूर त्या अर्थाने योगायोगाने घडलेला एक प्रयोगच ठरला. आल्प्सच्या लिखित इतिहासातल्या सर्वांत जबरदस्त पुरांपैकी हा एक. इंग्रजी भूशास्त्रज्ञ लायलने तो आपल्या ग्रंथात वाहत्या पाण्याच्या ताकदीचा दाखला म्हणून घेतला. या पुराने मोठमोठे धोंडे हलवले, यात शंकाच नाही. पण त्याने ते टाकले कुठे? दरीच्या तळाला, गाळात. ऱ्होनच्या खोऱ्यात माँतेपाशी डोंगराच्या उतारावर, तळापासून बऱ्याच उंचीला, माँ ब्लांच्या ग्रॅनाइटची ‘प्येर दे मार्मेत’ नावाची शिळा आहे. एवढी मोठी की तिच्या माथ्यावर कोणीतरी घर बांधलं. असली शिळा तिथवर नेऊन अलगद ठेवणारा पूर कुठल्या पाण्याचा? व्हेनेत्स अशी भाषणं करणारा माणूस नव्हता, पण पुराआधी आणि पुरानंतर तो ज्या हिमोढांवरून चालला, ते मोजून त्याने त्यांचा अर्थ लावला. १८२१ मध्ये त्याने आल्प्समधल्या हवामानाच्या चढउतारावर निबंध लिहिला. तो छापून आला १८३३ मध्ये. दरम्यान १८२९ साली ग्रेट सेंट बर्नार्डच्या मठात स्विस निसर्गसंशोधक जमले असताना त्याने सांगून टाकलं की एके काळी बर्फ आल्प्सपासून जुरा पर्वतापर्यंत पसरलेला होता, आणि उत्तर युरोपही बर्फाखाली होता. फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

शार्पांतिए मित्राचं डोकं ठिकाणावर आणायला निघाला. पुरावे गोळा करू लागला, व्हेनेत्सला खोटं पाडण्यासाठी, आणि गोळा करता करता त्याचंच मत फिरलं. १८३४ मध्ये लुसर्नच्या सभेत निबंध वाचायला जाताना ब्रूनिगच्या वाटेवर त्याला एक लाकूडतोड्या भेटला. रस्त्याकडेच्या एका ग्रॅनाइटच्या शिळेकडे बघत असलेल्या शार्पांतिएला त्याने आपणहून सांगितलं की हा दगड ग्रिम्सेलचा आहे, जुन्या हिमनदीने इथवर आणलेला. सभागृहात जाऊन शार्पांतिएने तेच सिद्ध करायचा प्रयत्न केला. तिथे हसणारे पुष्कळ भेटले.

हसणाऱ्यांत नशातेलचा तरुण प्राध्यापक लुई अगासी होता. माशांच्या जीवाश्मांवर त्याचं नाव झालेलं. १८३६ चा उन्हाळा त्याने बे गावी शार्पांतिएच्या शेजारी काढला, शंका घेऊन आला आणि पक्का अनुयायी होऊन गेला. २४ जुलै १८३७ ला नशातेलच्या सभेत मंडळी माशांवरचं व्याख्यान ऐकायला बसली होती. अगासीने हिमयुगावर बोलायला सुरुवात केली. सभा भडकली. खुद्द थोर जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टने त्याला पत्र लिहून मासेच बरे असा सल्ला दिला. अगासी मागे हटला नाही, १८४० मध्ये त्याचा हिमनद्यांवरचा ग्रंथ आला आणि शार्पांतिएचा, जो जास्त सावकाश आणि जास्त नेटका होता, त्याला गाठून पुढे गेला. अगासीने ग्रंथ व्हेनेत्स आणि शार्पांतिए यांना अर्पण केला होता. शार्पांतिएचं समाधान त्याने झालं नाही, आणि त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. हिमयुगाचा जनक म्हणून आजही पाठ्यपुस्तकांत अगासीचं नाव येतं. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने वंशश्रेष्ठतेची जी भयंकर मतं मांडली त्यामुळे त्याच्याच नशातेल शहराने अलीकडे एका चौकाला दिलेलं त्याचं नाव काढून टाकलं. लूर्तिएच्या सुताराचं घर मात्र आता हिमनद्यांचं लहानसं संग्रहालय झालं आहे. पेरोदँ १८५८ मध्ये गेला, नव्वदी गाठून.

व्हेनेत्सचं जिएत्रोशी भांडण १८१८ मध्ये संपलं नव्हतं. बर्फ पुन्हा पडत होता, ढिगारा पुन्हा साचत होता. मग त्याने जी युक्ती केली ती वालेच्या पाटकऱ्यांना शोभणारी होती. जवळच्या ओढ्यांचं पाणी लाकडी पन्हळींतून आणायचं, वाटेत उन्हाने ते थोडं कोमट होऊ द्यायचं आणि बर्फाच्या ढिगाऱ्यावर नेमक्या रेषेत सोडायचं. शून्याच्या जेमतेम वर गेलेलं ते पाणी करवतीसारखं बर्फ चिरत जाई. कापलेले तुकडे नदीत पडून वाहून जात. अशा पद्धतीने पुढची बरीच वर्षं घळ मोकळी राखली गेली.

विसाव्या शतकात त्याच घळीत माणसाने मुद्दाम बांध घातला. मोव्वाझँचं कमानी धरण १९५१ मध्ये सुरू झालं, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुरं झालं, उंची २३७ मीटर. १९९१ पर्यंत ते आणखी उंच करून २५० मीटरवर नेलं. त्याच्या मागे एकवीस कोटी घनमीटरहून जास्त पाणी मावतं, म्हणजे १८१८ च्या पुराच्या दसपट. आणि वर कड्यावर तीच जिएत्रो. १९६५ च्या ऑगस्टमध्ये वालेतल्याच सास खोऱ्यात अलालीन हिमनदीचं तोंड तुटून मात्मार्क धरणाच्या कामगारांच्या वसाहतीवर कोसळलं, ८८ माणसं दगावली, त्यातले निम्म्याहून अधिक इटालियन मजूर. त्यानंतर जिएत्रोकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. तिचा एखादा मोठा कडा भरलेल्या जलाशयात पडला तर लाट धरणावरून जाईल, या भीतीने झुरिकच्या तंत्रविद्यापीठाचे शास्त्रज्ञ कित्येक दशकं तिचा वेग मोजत राहिले. आता तापमान वाढून जिएत्रो कड्याच्या काठापासून मागे हटली आहे आणि त्या लाटेची काळजी ओसरली आहे.

काळजीने फक्त जागा बदलली. २८ मे २०२५ ला वालेतल्याच ल्योट्शेन खोऱ्यात बिर्श हिमनदी, तिच्यावर पडलेल्या खडकांच्या ओझ्याखाली, ब्लाटेन गावावर कोसळली. नव्वद टक्के गाव गाडलं गेलं, लोन्झा नदी अडली आणि ढिगाऱ्यामागे तळं साचू लागलं. गावातली तीनशे माणसं मोजमापांवर विश्वास ठेवून आठ-नऊ दिवस आधीच बाहेर काढलेली होती. एक मेंढपाळ त्या भागात राहिला होता, तो दगावला. तळं फुटेल की सावकाश वाट काढेल याकडे खालची गावं डोळे लावून बसली. नदीने या वेळी ढिगाऱ्यातून आपली वाट आपणच, बेताबेताने, काढली.